सायंकाळचा भोंगा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे. त्यास अक्षसूक्त म्हणतात. देवतांच्या स्तुतीने भरलेल्या त्या ग्रंथात एका द्यूतकाराने आपली व्यथा सांगावी, हे वाचणाऱ्यास नवल वाटण्यासारखेच आहे. फाशांच्या नादाने या मनुष्याचे घर मोडले आहे. पत्नी त्याला दूर लोटते आणि सासू त्याचा तिरस्कार करते. तो खेळ सोडण्याचा निश्चय करतो. परंतु या निश्चयाच्या आड दोन गोष्टी येतात. सोबतचे मित्र त्याला मागे ठेवून खेळावयास निघून जातात, ही पहिली. आणि पटावर पडणाऱ्या फाशांचा आवाज त्याच्या कानी येतो, ही दुसरी. त्या आवाजासरशी निश्चय विरघळतो व पावले पुन्हा द्यूतगृहाकडे वळतात. मनुष्यस्वभावाचे हे निरीक्षण सहस्रावधी वर्षांपूर्वीचे आहे. तथापि आज दहावीत असलेल्या मुलाच्या खोलीत डोकावून पाहणाऱ्यास ते अगदी ताजे वाटेल.

ही खोली मीरा-भाईंदरमध्ये आहे असे समजावे. एके काळी मिठागरे, भातखाचरे व कोळीवाडे यांसाठी ओळखला जाणारा हा खाडीकाठचा प्रदेश. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. मुंबईत नोकरी करणाऱ्या, परंतु मुंबईत घर न परवडणाऱ्या सहस्रावधी कुटुंबांनी मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या आधाराने आपले संसार थाटले. सकाळच्या लोकलने आईबाप निघतात आणि दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने परततात. दरम्यानच्या काळात मुलगा शाळेतून येतो, कुलूप उघडतो, झाकून ठेवलेले खातो आणि शिकवणीला जाऊन येतो. मग घरात तो व त्याचा मोबाईल असे दोघेच उरतात.

हा मोबाईल त्याच्या हाती कोणी दिला? बहुधा आईबापांनीच, आणि तोही अभ्यासासाठी. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागला. जे उपकरण पूर्वी मुलांपासून दूर ठेवण्याची धडपड चाले, तेच विकत आणून त्यांच्या हाती देणे हे पालकांचे कर्तव्य ठरले. पुढे शाळा उघडल्या. परंतु हाती आलेली वस्तू परत गेली नाही. शिकवणीच्या सूचना, गृहपाठ, शंकानिरसनाची चित्रफीत हे सारे त्याच पडद्यावर येते, आणि खेळाचे मैदानही त्याच पडद्यावर असते. लेखनाचे मेज व क्रीडांगण यांच्यामध्ये पूर्वी निदान दोन जिन्यांचे अंतर असे. आता ते बोटाच्या एका स्पर्शाएवढे उरले आहे.

खेळणे हा दोष नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परीक्षेच्या वयातील मुलास करमणूक नको असे म्हणणारा मनुष्य स्वतःचे बालपण विसरला आहे असेच समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला व ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात केवळ तासांची मोजदाद केलेली नाही. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा व आवडींपेक्षा खेळास अधिक महत्त्व येणे, आणि हानी दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, ही तीन लक्षणे सामान्यतः वर्षभर टिकून राहिली व त्यांमुळे जीवनक्रमात गंभीर बिघाड झाला, तरच त्यास विकार म्हणावे असे ते वर्गीकरण सांगते. सायंकाळी खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांना ही व्याख्या लागू पडणार नाही. त्यांना वैद्याची गरज नाही; त्यांना हरवलेले दोन तास परत हवे आहेत.

हे दोन तास हरवतात कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली. कळ दाबताच दर वेळी दाणा मिळाला, तर प्राणी पोट भरल्यावर थांबतो. परंतु दाणा कधी मिळेल हे अनिश्चित असले, तर तो कळ दाबीतच राहतो. मोबाईलवरील खेळांची रचना याच तत्त्वावर उभारलेली असते. पेटी उघडल्यावर आत काय निघेल ते ठाऊक नसते. रोज हजेरी लावणाऱ्यास भेट मिळते, एक दिवस चुकला की मालिका तुटते. ठरावीक आठवड्यांचा हंगाम संपला की मिळविलेली श्रेणी खाली येते. अभ्यासाचे फळ याच्या अगदी उलट असते. आज सोडविलेल्या भूमितीच्या प्रमेयाचे श्रेय मार्चमध्ये मिळावयाचे, आणि तेही कागदावरील दोन-चार गुणांच्या रूपाने. बेटावर उतरलेल्या शंभर जणांतून अर्ध्या तासात विजयी ठरावयाचे, की सहा महिने थांबावयाचे, या निवडीत पंधरा वर्षांचे मन कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको.

भाईंदरच्या मुलास याच खाडीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आले. परंतु वसईचा किल्ला पडावयास १७३९ चा मे महिना उजाडावा लागला. मोर्चे बांधले गेले, सुरुंग खणले गेले, माणसे पडली, माघारी यावे लागले व पुन्हा चढाई झाली. पडद्यावरील बेट अर्ध्या तासात जिंकता येते. खाडीपलीकडचा खरा किल्ला जिंकावयास दोन वर्षे लागली. नववी व दहावी मिळून वर्षेही दोनच होतात.

मग सरकारने हे खेळ बंद का करू नयेत, असा प्रश्न अनेक घरांतून विचारला जातो. तो प्रयोग झालेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पबजी या खेळासह ११८ ॲप्सवर बंदी घातली. मुले काही दिवस हळहळली आणि दुसऱ्या खेळाकडे वळली. पुढील वर्षी तोच खेळ नवे नाव घेऊन आला. २०२२ मध्ये पुन्हा हटविला गेला. २०२३ मध्ये परतला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंस दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली होती. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेसही तीनच तास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती सैल आहे ते दिसून येईल. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ मोकळा ठेवला. भारताच्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टात केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. पैसा न लावता नुसता वेळ लावणारा मुलगा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि येऊही नये. घराची सायंकाळ घरानेच सांभाळावयाची असते.

ती कशी सांभाळता येईल याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. महामारीनंतर शाळा भरू लागल्यावर तेथील शिक्षकांना मुलांमध्ये फरक जाणवला. मुले वाचनलेखनास कंटाळत, आणि शाळेच्या आधी व नंतर मोबाईलमध्ये गढून जात. बहुतेक घरांत अभ्यासाची स्वतंत्र खोली नव्हती. मोठी माणसे दूरचित्रवाणी पाहत बसत आणि मुलांनी त्याच खोलीत पुस्तक उघडावे अशी अपेक्षा करीत. १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभा भरली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने असे ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता गावच्या देवळावरील भोंगा वाजावा, आणि त्यासरशी साऱ्या गावाने मोबाईल व दूरचित्रवाणी बंद करावी. साडेआठ वाजता दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचावे किंवा परस्परांशी बोलावे. आरंभी ही कल्पना काही पुरुषांनी हसण्यावारी नेली. स्त्रियांनी मात्र मालिकांचा नाद आपल्यालाही लागल्याचे मोकळेपणाने मान्य केले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी फिरून नियम समजावून दिला.

वडगावच्या या योजनेचे मर्म दीड तासात नाही. ते 'साऱ्या गावाने' या दोन शब्दांत आहे. अक्षसूक्तातील द्यूतकाराचा निश्चय का मोडला? मित्र गेले आणि तो मागे राहिला म्हणून. एकट्याने खेळ सोडणाऱ्या मुलाचेही हेच होते. त्याच्या चमूत चौघे असतात. तो आला नाही तर उरलेल्या तिघांचा डाव बिघडतो. ते बोलावतात, चिडवितात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील बोलणेही त्याच्यावाचून चालू राहते. मुलाने खेळ सोडावा असे पालक सहज म्हणतात. परंतु त्यासमवेत मित्रही सोडावे लागतात, ही किंमत त्यांच्या हिशेबात नसते. 'आई, एवढी मॅच संपू दे' या विनवणीत लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा तीत दिलेल्या शब्दाची निष्ठाही असते. सारे गाव एकदमच थांबते तेव्हा कोणी कोणास मागे टाकून जात नाही. निश्चयाच्या आड येणारा पहिला अडथळा तेथे आपोआप दूर होतो. आणि मोबाईल बंद असल्याने फाशांचा आवाजही ऐकू येत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये सात वाजता भोंगा वाजविला तर तो बहुतांशी रिकाम्या घरांतच घुमेल. कारण त्या वेळी आईबाप बोरिवली-दहिसरच्या आसपास गर्दीत उभे असतील. शिवाय आठ लाख लोकांची ग्रामसभा भरत नसते. परंतु गावाएवढा मोठा घटक नसला, तरी लहान घटक येथे पुष्कळ आहेत. एका गृहनिर्माण संस्थेत चाळीस बिऱ्हाडे असतात. एका शिकवणीत वीस मुले. एका चमूत चौघे. या चौघांच्या आयांनी एकमेकींना दूरध्वनी करून एकच वेळ ठरविली, तर चार घरांपुरते वडगाव सहज उभे राहील. वेळ सातची नसली तरी चालेल; मोठी माणसे घरी आल्यावर नऊ ते साडेदहा असली तरी चालेल. मात्र त्या वेळेत वडिलांचा मोबाईलही कपाटात गेला पाहिजे. गणपती उत्सवाची वर्गणी, पाण्याचा टँकर व गच्चीची दुरुस्ती यांसाठी ज्या संस्थेच्या सभा भरतात, तिला परीक्षेच्या चार महिन्यांसाठी संस्थेच्या कार्यालयात दोन मेजे व एक दिवा देणे अवघड नाही.

मुलानेही काही गोष्टी स्वतः कराव्या. खेळ हळूहळू कमी करण्यापेक्षा परीक्षेपर्यंत तो मोबाईलवरून काढून टाकणे सोपे जाते. कारण रोज किती खेळावे याचा निर्णय रोज घ्यावा लागत नाही. मित्रांना आधी सांगावे, म्हणजे ते वाट पाहणार नाहीत. पाठ्यपुस्तक छापील वापरावे. पडद्यावर धडा वाचताना खेळाचे बोलावणे एका स्पर्शावरच असते. पहिले काही दिवस चित्त अस्वस्थ राहील, सायंकाळ लांबलचक वाटेल, आणि पुस्तकातील ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकतील. हे अपयश नव्हे; मोकळा झालेला वेळ आपला नवा मालक शोधीत असतो.

त्या वेळेस मालक मिळवून देणे हेच या प्रश्नातील खरे कार्य होय. अक्षसूक्ताच्या कवीस हे ठाऊक होते. सूक्ताच्या शेवटी तो फासे टाकून दे एवढेच सांगून थांबत नाही. शेत नांगर, तेथे तुझ्या गाई आहेत, तेथे तुझी गृहिणी आहे, असा त्याचा उपदेश आहे. हातातील फासे काढून घेतले तर त्या हातांत नांगर द्यावा लागतो. घरी आलेल्या पित्याने मुलाच्या हातातील मोबाईल घेऊन 'आता अभ्यास कर' एवढेच सांगितले आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन आपला पडदा उजळला, तर त्या मुलास शेत दाखविले असे होत नाही. त्याच्याशेजारी बसून, त्याचे भूगोलाचे पुस्तक उघडून, आपल्या गावची नदी नकाशात कोठे आहे एवढे जरी त्याला विचारले, तरी पहिला तास पडला असे समजावे.