गुणपत्रक आणि गेज

दिवाळीतल्या किल्ल्यांवर मातीचे मावळे मांडणारे आणि टेबलावरच्या लढायांसाठी प्लास्टिकचे सैनिक रंगवणारे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या या पट्ट्यात एका सभागृहात बसले, ही आमच्यासाठी मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. दोघांपुढे एकच अवघड प्रश्न आहे. हाताने घडवलेल्या आणि डोक्याने लढवलेल्या गोष्टीला गुण द्यायचे कसे? त्याबद्दलचे माझे मत आज आपल्यापुढे ठेवतो. दोन अनोळखी पंच सारखेच मोजतील तेवढेच एकूण बेरजेत घ्यावे. बाकीच्याचा गौरव जरूर करावा, अगदी थाटात करावा, पण वेगळा.

सुरुवात इथल्याच भुईकोटापासून करू. 1660 च्या जूनमध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी भर पावसाळ्यात तो जवळजवळ दोन महिने लढवला आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर ऑगस्टमध्ये किल्ला गेला. या लढाईला गुण द्यायचे ठरवले तर शेवटी किल्ला कोणाकडे राहिला एवढेच पाहून फिरंगोजींच्या पदरी शून्य पडेल. पण प्रत्येक दिवस किल्ला राखल्याचे गुण धरले, तर एवढ्याशा भुईकोटाने प्रचंड मोगली फौजेला किती काळ अडकवून ठेवले, ते कागदावर दिसू लागते. टेबलावरच्या युद्धखेळाने नेमकी हीच दृष्टी स्वीकारली आहे. ‘वॉरहॅमर 40,000’ या खेळाच्या 2023 मधल्या दहाव्या आवृत्तीत एका डावाचे जास्तीत जास्त 100 गुण असतात. त्यांतले 50 पर्यंत मुख्य कामगिरीचे, आणि ते बव्हंशी पाच फेऱ्यांमध्ये पटावरची ठरलेली ठिकाणे ताब्यात राखून मिळवायचे. 40 पर्यंत दुय्यम उद्दिष्टांचे. समोरचे सैन्य कापून काढणारा खेळाडू ठिकाणे राखायला विसरला तर हरू शकतो. गुण मारण्याला दिले की खेळाडू मारत सुटतात. तेच राखण्याला दिले की दोन मावळे खिंडीत उभे करून पुढचा विचार करू लागतात. खेळाचा स्वभाव असा गुणपत्रकातून घडतो, म्हणून ते किरकोळ कारकुनी काम मानू नये.

उरलेले 10 गुण माझ्या मुद्द्याच्या मुळाशी आहेत. ते सैन्य रंगवलेले असल्याबद्दल मिळतात. रंगकाम किती सुंदर, हा प्रश्नच तिथे नसतो. आवश्यक रंग लागले आहेत आणि तळाची चकती सजवली आहे, एवढे झाले की पूर्ण 10, नाहीतर शून्य. या सभागृहातल्या अनेकांना यात कारखान्यातला गो–नोगो गेज दिसेल. भोकाचा व्यास मर्यादेत आहे का, याचे उत्तर तो हो किंवा नाही असे देतो. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो बाजू अडकली पाहिजे, आणि सकाळच्या पाळीतला माणूस व रात्रपाळीतला माणूस यांचा निकाल एकच आला पाहिजे. तपासणाऱ्याच्या आवडीनिवडीला तिथे जागा नसते, म्हणूनच एका कारखान्यातला भाग दुसऱ्या कारखान्यातल्या भागात बसतो.

यावर पहिला आक्षेप कलावंतांचा, आणि तो गंभीर आहे. महिनोन्‌महिने बारीक कुंचला चालवणाऱ्याला आणि तीन रंग फासून आलेल्याला सारखेच 10 गुण मिळाले तर कलेची किंमत काय राहिली? माझ्या मते ती तिथेच सुरक्षित राहते. रंगकामाला 0 ते 20 असे गुण देऊन ते विजयात मिसळले, तर एका परीक्षकाला हिरव्या छटा भावल्या म्हणून डाव जिंकलेला खाली जातो आणि उत्तम चित्रकार डावातल्या फाशांमुळे मागे पडतो. दोघांवर अन्याय होतो. उत्कृष्ट रंगकामाचे पारितोषिक स्वतंत्र ठेवा, परीक्षक स्वतः चित्रकार असू द्या, त्यांना भरपूर वेळ द्या. किल्ला स्पर्धेतही असेच करता येईल. बालेकिल्ला, माची, दरवाजा, पाण्याचे टाके आहे का, मुलांना आपल्या किल्ल्याची माहिती सांगता येते का, हे तपासून बेरीज करावी. अळिवाच्या हिरवाईने डोंगर किती जिवंत झाला, त्याची दाद वेगळ्या बक्षिसाने द्यावी.

खिलाडूवृत्तीचेही तसेच. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांच्या वर्तनाला गुण द्यायचे, ही पद्धत हेतूने चांगली होती. पण पहिल्या क्रमांकाच्या आशेवर असलेल्याच्या हाती समोरच्याला खाली ओढण्याचे साधन आले की मोह होतो. नियमभंगासाठी पंचाचे पिवळे-लाल कार्ड आणि सर्वांत आवडत्या प्रतिस्पर्ध्यासाठी वेगळे मतदान, ही व्यवस्था अधिक न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप क्रमवारीबद्दल असतो. 32 खेळाडूंनी प्रत्येकाशी खेळायचे तर 31 फेऱ्या लागतात, आणि एक डाव सुमारे तीन तासांचा. म्हणून बुद्धिबळात 1895 साली झुरिचला वापरलेली स्विस पद्धत इथेही चालते. समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर आणले की, बरोबरी न झाल्यास, पाच फेऱ्यांत एकच अपराजित उरतो. खाली मात्र समान गुणांची गर्दी होते. तिथे मोठ्या फरकाने जिंकलेल्याला वर काढावे असे अनेकांना वाटते. पण दुबळा प्रतिस्पर्धी वाट्याला आला हे त्याचे कर्तृत्व नव्हे. ज्यांच्याशी खेळलो त्यांनी पुढे किती मिळवले, हा निकष मला अधिक रास्त वाटतो. एप्रिल 2025 मध्ये पुण्यातल्या महिला बुद्धिबळ ग्रां प्रीमध्ये कोनेरू हंपी आणि झू जिनेर या दोघींचे 9 पैकी 7 गुण झाले आणि टायब्रेकवर हंपी विजेती ठरली. निकष आधी लिहिलेला होता, म्हणून तो निकाल मानता आला.

छंदात एवढा काटेकोरपणा कशाला, असेही कोणी म्हणेल. दूरवरून डबे सांभाळत सैन्य घेऊन येणारा मुलगा पाच डाव खेळून परततो, तेव्हा आपण सातवे का आलो हे त्याला कागदावर पाहता यावे, एवढा त्याचा हक्क आहे. आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर गुणपत्रकाचा एक कच्चा मसुदा ठेवला आहे. ज्या रकान्यात दोन पंचांचे आकडे वेगळे येतील असे वाटेल, त्यावर पेन्सिलीने खूण करा. दुपारच्या सत्रात आपण त्याच रकान्यांपासून सुरुवात करणार आहोत.