भ्रूणाचं पहिलं इंधन

अंधेरी असो वा मुलुंड, आयव्हीएफची पाटी कुठेतरी दिसतेच. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं.

पण डिशमध्ये वाढणारा भ्रूण खातो काय? मी कोड लिहिणारा माणूस, मला हे भारी वाटलं: पहिले दोन-तीन दिवस त्याचं मुख्य इंधन पायरुवेट. ग्लुकोज तेव्हा त्याला फारसं वापरताच येत नाही. पाचव्या दिवसाच्या सुमारास, ब्लास्टोसिस्ट होताना, ग्लुकोजची भूक वाढते. म्हणून काही लॅब तिसऱ्या दिवशी पोषक द्रवच बदलतात.

तरीही काही भ्रूण मध्येच थांबतात. अनेकदा कारण गुणसूत्रांतली गडबड. तेव्हा सुनेच्या डब्यावर, नाइट शिफ्टवर बोट ठेवणाऱ्यांना हा एपिसोड नक्की पाठवा.