पदवीचे मोल

मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा १८६२ साली प्रथम उत्तीर्ण झालेल्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पदवीधर विरळा, आणि सरकारी खाती, शाळा, न्यायालये यांना तर इंग्रजी जाणणारी माणसे हवीत. अशा वेळी नावापुढे बी. ए. ही दोन अक्षरे लागली की उपजीविकेची विवंचना बहुधा मिटत असे. पदवीविषयीची श्रद्धा घरोघरी रुजली ती अशा अनुभवातून. परिस्थिती पालटली, श्रद्धा मात्र टिकून राहिली.

२०१५ साली उत्तर प्रदेशाच्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. पात्रता एवढीच, की उमेदवार पाचवी उत्तीर्ण असावा आणि त्याला सायकल चालवता यावी. अर्ज आले सुमारे २३ लाख, आणि त्यांत २५५ अर्जदार पीएच. डी. झालेले होते! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. त्यांनुसार पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ती अवघी ३.४ टक्के.

यावरून शिक्षण व्यर्थ आहे असे अनुमान कोणी काढील तर ते उतावळेपणाचे होईल. निरक्षर तरुणाला बेकार राहणेच परवडत नाही. सायंकाळी चूल पेटावयाची असेल तर मिळेल त्या मजुरीवर त्याला जावेच लागते. पदवीधर थांबतो, परीक्षांमागून परीक्षा देतो, कारण काही वर्षे तरी त्याला पोसणारे कोणी असते. शिवाय पगाराची नोकरी एकदा लाभली, की त्याची प्राप्ती अल्पशिक्षितापेक्षा सरासरीने अधिकच असते.

मग बिघडले कोठे? पदवी ही ज्ञानाची खूण होती, ती चाळण झाली. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले, की ते वाचण्याचे कष्ट वाचवण्यासाठी पदवीची अट घालणे सर्वांत स्वस्त पडते. मग कामाला तिची गरज असो वा नसो. (या सोयीचा मोह सरकारी कचेऱ्यांनाही सुटलेला नाही.) पदवीधर वाढले की चाळणीची छिद्रे आणखी बारीक होतात. याची झळ सर्वांत अधिक लागते ती शेत गहाण टाकून पहिल्याच पिढीतील मुलाला महाविद्यालयात धाडणाऱ्या घराला. पदवी घेतली तर नोकरीची शाश्वती नाही. न घ्यावी तर दारातूनच परत फिरावे लागते.

प्रत्यक्ष काम करता करता वेतन मिळवून शिकण्याची सोय करणारा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. अभियांत्रिकीचे पदवीधर त्याच्या कक्षेत आले ते १९७३ च्या दुरुस्तीने. बी. ए., बी. कॉम. झालेल्यांना ते दार उघडावयास २०१४ साल उजाडावे लागले.