कंपनीचा गल्ला आणि मालकाचा खिसा

कंपनी काढणे आता फार सोपे झाले आहे. किमान भांडवलाची अट 2015 साली गेली, एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. त्यामुळे आपल्यासारख्या सल्लागारांकडे येणारा व्यावसायिक पहिल्याच भेटीत ‘प्रायव्हेट लिमिटेड करून टाका’ म्हणतो. नावापुढचे लिमिटेड त्याला हवे असते, पण कंपनी आपल्याहून वेगळी आहे हे मानायची तयारी नसते. मर्यादित जबाबदारीचा हक्क या वेगळेपणातूनच येतो; ते रोजच्या व्यवहारात पाळणार नाही त्याला कंपनीचा सल्ला आपण देऊ नये, असे माझे मत आहे.

हे वेगळेपण न्यायालयाने कसे मानले ते एका जुन्या खटल्यात दिसते. लंडनच्या सॉलोमनने चामडी बुटांचा आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा बायकोमुलांचे. किमतीपोटी त्याने 10,000 पौंडांचे तारण-रोखेही घेतले. कंपनी बुडाली तेव्हा विनातारण उधारी दिलेल्यांच्या हाती काही लागले नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांना हा बनाव वाटला. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने 1896 साली त्यांचे निकाल फिरवले. कंपनी रीतसर नोंदली आहे, म्हणजे ती सॉलोमनहून वेगळी. निकाल धनकोंना कडू लागला खरा, पण त्याची दुसरी बाजू मालकालाही तितकीच बोचते. बाचा गुजदर खटल्यात 1955 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भागधारकाचा कंपनीच्या मालमत्तेवर हक्क नसतो. सगळे शेअर तुमचे असले तरी गल्ला कंपनीचाच.

इथेच आपले अशील अडखळतात. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, पुण्यातला फ्लॅट, सगळे कंपनीच्या खात्यातून. आणि मार्चअखेर ‘संचालकांकडून येणे’ या एका ओळीत ते बसवायचे काम आपले. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याची बंधने आहेत. दहा टक्के किंवा अधिक मतहक्क असलेल्या भागधारकाने खाजगी कंपनीतून केलेली उचल साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत लाभांश धरून तिच्यावर कर लागू शकतो. हे त्याला कळते ते नोटीस आल्यावर.

यावर आक्षेप असा की बँक संचालकाची वैयक्तिक हमी घेतेच, मग मर्यादित जबाबदारी उरली कुठे? आक्षेप खोटा नाही. पण हमी बँकेपुरती असते. माल उधार देणारा तिच्या आधारे मालकाच्या घरावर जाऊ शकत नाही. शिवाय वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागधारक गेला तरी कंपनी चालू राहते. माझ्या मते लहान धंद्याला कंपनीचा खरा उपयोग या सातत्याचा आहे, आणि आपण तोच सर्वांत कमी समजावून सांगतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. उलाढाल कितीही असो, कंपनीला लेखापरीक्षण चुकत नाही, आणि लहान दुकानाला ते जड जाते हे मान्य. त्याच्यासाठी 2008च्या कायद्याची एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) आहे. उलाढाल 40 लाखांवर किंवा भागीदारांचे योगदान 25 लाखांवर गेल्याशिवाय त्या कायद्याखाली तिला लेखापरीक्षणाची सक्ती नाही. जबाबदारी तिथेही मर्यादित आहे. तेही नको असेल तर साधी भागीदारी चालेल, फक्त ती नोंदवून घ्या. नोंदणी ऐच्छिक आहे म्हणून पुष्कळजण ती टाळतात आणि गिऱ्हाईक पैसे बुडवू लागले की दावा लावायला धावतात. 1932च्या कायद्याचे कलम 69 बिननोंदणी पेढीला तो दावा लावू देत नाही.