रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

(सल्लाकेंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराआधी तुमच्याकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते. पोटगी, राहत्या घराचा हक्क, मुलांचा ताबा हे नेहमीचे प्रश्न आलेच. पण तीन चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता आणि तो वाचून संयोजक मैत्रिणी हसल्या. एकट्या राहणाऱ्या बाईनं स्वसंरक्षणासाठी परवाना काढून हत्यार घ्यायचं ठरवलं, तर रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? मला काही हसू आलं नाही. हा प्रश्न जिच्या मनात येतो तिला भीती वाटते आहे, आणि दुकानदाराला विचारण्याआधी तिनं आपल्याला विचारलं आहे. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. उपदेश करायला अख्खी दुपार पडली आहे.

मी नेमबाज नाही. कॉलेजात छात्रसेनेत असताना पॉइंट टू टू रायफलीच्या मोजून दहा गोळ्या झाडल्या, एवढीच ओळख. बाकीचं एका प्रकरणापायी शिकावं लागलं, ते पुढे येईल.

रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या हिंदी सिनेमात पाहतो ते. मध्ये फिरती चक्री, चक्रीत पाच-सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते, घोडा आपटतो आणि गोळी सुटते. सगळं काम बोटाच्या जोरावर. पिस्तुलाची तऱ्हा निराळी. त्याच्या मुठीत खालून मॅगझिन बसवतात, त्यात सात-आठ काडतुसं. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की पहिलं काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत चढतं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप वर येतं. चाप मात्र दर गोळीला ओढावाच लागतो, म्हणून ते अर्धस्वयंचलित.

नवख्या माणसाला, आणि बाईला तर हमखास, रिव्हॉल्व्हर घ्यायला सांगतात. कारण त्यात गुंतागुंत कमी. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तूल मूठ ढिली पडली तरी अडकू शकतं, आणि अडकलेलं मोकळं करायला हाताला सवय लागते. घाबरलेल्या माणसाला ते ऐन वेळी आठवत नाही. पण रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. घोडा आधी मागे ओढलेला नसेल तर पाच किलो तांदळाची पिशवी एका बोटावर पेलावी इतका जोर लागतो, आणि तेवढ्या वेळात नळीचं टोक हलता कामा नये. पर्समध्ये मावतं म्हणून बाईला हलकं आणि आखूड नळीचं हत्यार दाखवतात. तेच चालवायला सगळ्यात अवघड. हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त बसतो आणि आखूड नळीनं नेम चुकतो. पिस्तुलाचा चाप सहसा हलका असतो, नेम धरायला सोपं जातं. पण स्लाइड ओढायला मनगटात ताकद हवी. संधिवात असलेल्या आमच्या पन्नाशीच्या मैत्रिणींना ते जमत नाही.

म्हणजे उत्तर असं: जी दर महिन्याला सराव करणार तिनं पिस्तूल घ्यावं, जी वर्षातून एकदाच हत्याराला हात लावणार तिनं रिव्हॉल्व्हर. आता सराव करायचा कुठे आणि काडतुसं कुठून आणायची? वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारक बाया दुसऱ्या गटातल्याच राहणार.

कायदा थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस चौकशी होते. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचा दाखलाही मागितला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. ९ एमएमचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही; .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळतं. गावठी कट्ट्याचं नावही काढू नका. ज्याच्यावर तो रोखायचा त्याच्याआधी बाईच आत जाईल.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडलं त्यानंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, खास महिलांसाठी अशी जाहिरात. ते ठेवायला दागिन्यांच्या पेटीसारखी किरमिजी पेटी. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्या मुलीच्या मरणानंतर सरकारनं बाईच्या हातात काय ठेवलं, तर दागिन्याच्या पेटीतलं हत्यार, तेही तिनं स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचं! ती मुलगी बसनं घरी निघाली होती. बसनं फिरणाऱ्या किती जणींकडे सव्वा लाख असतात? मणिपूरमध्ये गोळीबारात घरचे गमावलेल्या स्त्रियांसोबत काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच या रिव्हॉल्व्हरला जाहीर विरोध केला होता. बंदुकींच्या सावलीत राहिलेल्या बाया काय म्हणतात ते आपण फार कमी ऐकतो.

ही युक्तीही नवी नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं १९८९ मध्ये 'लेडीस्मिथ' रिव्हॉल्व्हर काढलं आणि पुढे त्याच नावाचं पिस्तूलही. म्हणजे बाईनं निवडायचं ते या दोहोंतून. तिथल्या अभ्यासकांनी मात्र दुसरंच मोजलं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केलरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, घरात बंदूक असली की त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट निघाला, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा जवळचा. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाचा अभ्यास आला. स्वतःकडे हत्यार नसलेली, पण हत्यार बाळगणाऱ्यासोबत एका घरात राहणारी माणसं त्यात पाहिली होती. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीनं घरातच मरण्याचा त्यांचा धोका सात पट होता, आणि अशा मृतांत दर शंभरात ८४ बाया. चाप जड की हलका, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला नाही.

आपल्याकडचं चित्र पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत वर्षानुवर्षं बलात्काराच्या दहांतल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचं वचन दिलेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे बलात्काराच्या हेतूनं, किंवा ॲसिड घेऊन, अंगावर येणाऱ्याचा जीव जाईपर्यंतही प्रतिकार करता येतो. जुन्या दंडविधानात हेच कलम १०० होतं. कायदा या बाबतीत बाईच्या बाजूनं आहे. पण चहा घ्यायला आलेल्या मामेसासऱ्यासमोर कोण पर्स उघडून बसतं?

आता ते प्रकरण. बाईचं नाव, गाव काही सांगत नाही. नवरा जमिनीच्या धंद्यातला. 'धंद्यात शत्रू फार' म्हणून त्यानं परवाना काढला आणि पिस्तूल घेतलं. शत्रू कधी आले नाहीत. रोज रात्री तो जेवायला बसला की ताटाच्या उजव्या बाजूला, जिथे आपण भाजी वाढतो, तिथे पिस्तूल ठेवायचा. कधी रोखलं नाही, गोळी झाडली नाही. नुसतं ठेवायचा. ती वाकून पोळी वाढायची. पाच वर्षं. ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "परवान्याचं आहे ना? मग तुमची तक्रार काय?"

तिनं स्वतःपुरता उपाय काढला होता. नवरा झोपला की मॅगझिन काढून तांदळाच्या डब्यात लपवायची आणि पहाटे परत बसवायची. मधल्या वेळात पिस्तूल रिकामं, असा तिचा समज. एवढा की सकाळची घाई असली तर सात वर्षांच्या मुलीला सांगायची, "पप्पांचं ते उचलून कपाटात ठेव गं." तिचा मामा फौजेतून निवृत्त झालेला. त्याला तिनं ही युक्ती सांगितली तेव्हा तो मटकन खाली बसला. मघाशी म्हटलं ना, स्लाइड ओढली की पहिलं काडतूस खोबणीत चढतं. मॅगझिन काढलं तरी ते तिथेच राहतं. चाप ओढला तर बहुतेक पिस्तुलांतून ती एक गोळी सुटते.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला हा फरक आपल्या कामाचा आहे. रिव्हॉल्व्हरची चक्री उघडली की आत काय आहे ते दिसतं. पिस्तूल वरून पाहून कळत नाही. म्हणून बाईला एकच सांगायचं: दोन्हींपैकी कशालाच हात लावू नकोस, रिकामं करायला जाऊ नकोस, लपवू नकोस. पोरांना तर त्या खोलीतही पाठवू नकोस.

मग करायचं काय? शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना देणारा अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणानं तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे नियम २००६ चे आहेत. त्यातल्या नियम १० प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकाऱ्यानं, लागल्यास पोलिसांची मदत घेऊन, हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करवायचं असतं. ताटाशेजारी ठेवलेलं पिस्तूल ही धमकी आहे आणि या कायद्यात धमकी हीदेखील हिंसाच. पण हे दोन कायदे दोन निराळ्या कचेऱ्यांत असतात आणि एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर आपणहून जात नाही. आम्ही घरगुती घटना अहवालाची प्रत जोडून परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज दिला, पोच घेतली, दर सोमवारी जाऊन विचारलं. चार महिन्यांनी परवाना निलंबित झाला आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. नवरा त्यानंतरही मारत होता, पण हातानं. निवासाचा आदेश मिळायला पुढे आणखी वर्ष गेलं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हांला वाटेल अर्ज केला आणि सुटली बाई.

चिठ्ठीवाल्या तिघींपैकी एखादी खरंच एकटी राहत असेल, घरात मूल नसेल, लोखंडी कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असेल आणि सराव करायची तयारी असेल, तर तिनं परवाना काढावा. आपण तिला नाव ठेवायचं कारण नाही. स्वतःच्या जिवाचा हिशोब तिला आपल्यापेक्षा जास्त कळतो. मात्र उद्या तिच्या घरात कोणी राहायला आलं, नवरा, भाऊ, मोठा होणारा भाचा, तर त्या दिवशी तिनं पुन्हा विचार करावा. परवाना तिच्या नावावर राहील, पण किल्लीचं तसं सांगता येत नाही.

आपल्या केंद्रांत पहिल्या भेटीचा जो फॉर्म भरतो त्यात 'मारहाण कशाने केली' असा रकाना आहे. हात, पट्टा, काठी, इतर. त्याच्या खाली चार ओळी वाढवू या. घरात बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आहे का? परवाना कोणाच्या नावावर? ते कुठे ठेवलेलं असतं? किल्ली कोणाकडे? बाई आपणहून सांगत नाही, कारण गोळी झाडलेली नसते. विचारलं तर सांगते. कलम १७ च्या अर्जाचा मराठी नमुना मी आणला आहे. एकच प्रत आहे, चहाच्या सुट्टीत झेरॉक्स काढून घ्या.