पाला शेताला, काडी चुलीला



मढच्या परिसरात आषाढात चिखलातून पाय निघत नाही आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. उताराच्या जमिनीचा कस पाऊस धुऊन नेतो. उरलेला आपण स्वतः जाळतो. राबासाठी शेण, फांद्या, पालापाचोळा पेटवतो आणि बाकीच्या शेणाच्या गोवऱ्या थापतो. शेण जळले की त्यातील नत्र हवेत जाते. हाती फक्त राख राहते.

राबाने तण मरते, रोपे जोमाने येतात, हे वाडवडिलांचे म्हणणे खोटे नाही. पण रोपासाठी दुसरा मार्ग आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. तिच्यातील सिलिकामुळे रोप कणखर होते. तण मात्र एकदोनदा हाताने काढावे लागेल.

आता बांधाकडे वळा. पावसाच्या सुरुवातीला बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावा. झाडे वाढल्यावर दर वर्षी चिखलणीपूर्वी गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला शेतात पसरा. पाने गळाली की काड्या वेचून वाळवा. पाला जमिनीला, काडी चुलीला. डोंगरावरची तोडही तेवढी कमी.

राहिले शेण. दररोज २५ किलो ताजे शेण मिळत असेल तर एक घनमीटरचा गोबर गॅस चालतो. पण जनावरे रानात चरत असतील तर निम्मे शेण तिकडेच पडते. म्हणून आठवडाभर गोठ्यातले शेण तोलून मगच आकार ठरवा. मोठा बांधून उपाशी ठेवलेले संयंत्र लवकरच बंद पडते. शेणाइतकेच पाणीही लागते, याचा विचार वैशाख डोळ्यांसमोर ठेवून करा. थंडीत गॅस कमी मिळतो, तेव्हा वाळलेली काडी कामी येते. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र टिकून राहते. ती पालापाचोळ्यावर टाकून खत करा.

माझ्या शब्दावर सगळे शेत बदलू नका. यंदा निम्मी रोपे राबावर, निम्मी गादीवाफ्यावर करा. लावणी शेजारीशेजारी करा आणि सुगीला दोन्हींचे भात वेगळे मोजा. घरात धूर खाणाऱ्या माउलीलाही विचारा. मग पुढच्या वर्षी काय जाळायचे, ते तुम्हीच ठरवा.