मेद, रक्त आणि उतरते वय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रायपूर येथे दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नाही. कलाशाखेचे साधे पदवीधर आणि केंद्र सरकारचे चाकर आहोत. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण गतवर्षी आमच्याच रक्तात साखर आढळली. पंचवीस वर्षांत आमचे वजन जेमतेम तीन किलोंनी वाढले; कमरेचा पट्टा मात्र तीनदा बदलावा लागला. सडपातळ माणसास मधुमेह कसा, या प्रश्नाने आम्हांस वाचनाकडे वळविले.

मेद म्हणजे कोठारात रचलेली निर्जीव पोती, अशी आमची समजूत होती. वस्तुतः तो रक्तवाहिन्यांनी विणलेला जिवंत भाग आहे. सडपातळ माणसाच्या त्वचेखालील शंभर ग्रॅम मेदातून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे 3 मिलिलिटर रक्त वाहते. जेवणानंतर हा प्रवाह वाढतो आणि अन्नातील स्निग्धांश मेदपेशींत जमा होतो. उपाशीपोटी तोच साठा रक्तावाटे बाहेर पडून इंधन पुरवितो. लठ्ठपणात मात्र जेवणानंतरची ही वाढ मंदावते. गोदामाचे दार अर्धवटच उघडल्यासारखे होते. मग उरलेला माल यकृतात व स्नायूंत उतरतो आणि इन्शुलिनचे कार्य अडखळू लागते.

त्यात वयाची भर पडते. स्नायू घटतात, हातापायांवरचा मेद ओसरतो आणि पोटाच्या पोकळीत साचतो. वजनकाट्याला या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाही. आतड्यांभोवतीच्या मेदातले रक्त तर थेट यकृताकडे जाते. म्हणून तोच अधिक घातक.

याचे मर्म आपल्या पुण्यातच उलगडले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. दोघांचाही निर्देशांक 22.3. परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचा 21.2 टक्के! ही तुलना 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, 1993 पासून, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला होता. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांहून वजनाने बरीच कमी भरली, तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा घटला नव्हता. आपल्याकडची ही ठेवण जन्मापासूनची आहे.

आपण घर सोडून येथे आलो, तरी चकली-करंजी सोडली नाही. शिवाय छत्तीसगढच्या ठेठरी-खुरमीलाही आपलेसे केले. त्या प्रेमात खंड पडावा, असे आम्ही म्हणणार नाही. फराळाचे ताट मात्र लहान असावे आणि जेवणात डाळी-भाज्यांना अधिक जागा मिळावी. कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या व स्त्रियांची 80 च्या आत राहावी. नियमित चालण्याने पोटातला मेद घटतो, मग काट्यावर फरक दिसो वा न दिसो.

आम्ही रोज सायंकाळी तेलीबांधा तलावाला फेरी घालतो. सोबतीला यावे, ही विनंती. मंडळाच्या हीरक महोत्सवाला आपण सर्वांनी याच सभागृहात, स्वतःच्या पायांनी चालत यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.